सात नंबरचा धागा

मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून चार सेंटिमीटरवर चिकटवलेला लोकरीचा धागा उलटा वळला होता. धागा पांढरा, सात सेंटिमीटर लांब, क्रमांकही सातच. विंड टनेलमधल्या वाऱ्याचा वेग होता ताशी दीडशे किलोमीटर. शेजारचे सहा आणि आठ नंबरचे धागे ताणून सरळ मागे बसले होते. सात नंबरचा तेवढा वाऱ्याकडे तोंड करून थरथरत होता.

हवा दिसत नाही, म्हणून आम्ही गाडीच्या अंगावर असे धागे चिकटवतो. धागा सरळ असेल तर हवा गाडीला धरून वाहते आहे. उलटला, तर तिथे हवा गाडीला सोडून गेली आहे आणि भोवरे करते आहे. पद्धत फार जुनी आहे. तिच्या जोडीला आता लाखो आकडे येतात, पण धाग्याइतका विश्वास मला त्यांतल्या कशावरच वाटत नाही.

"सुनेत्रा, आकडा बघ," नियंत्रण कक्षाच्या काचेअलीकडे उभे असलेले डॉ. नगरकर म्हणाले. ते आमच्या संस्थेचे संचालक.

आकडा मी पाहिला होता. हवेच्या अवरोधाचा अंक साध्या गाडीला ०.३१ येत होता, आम्ही तयार केलेली ‘त्वचा’ गाडीवर चढवल्यावर ०.१९. एवढी घट आजवर कुठे मिळाली नव्हती.

"सात नंबरचा धागा उलटलाय, सर."

"सुटला असेल. नवा लाव."

नवा लावला. तोही उलटला. मग मी मागच्या चाकांखालच्या वजनकाट्याचं वाचन त्यांच्यासमोर धरलं. वेगात असताना प्रत्येक गाडी थोडी हलकी होते, कारण पाठीवरून जाणारी हवा तिला वर ओढते. आमच्या गणिताप्रमाणे मागचा भार तीस किलोंनी कमी व्हायला हवा होता. झाला होता सत्तर किलोंनी.

"सत्तर किलो म्हणजे मागच्या सीटवर एक माणूस कमी बसला समज," नगरकर म्हणाले. "अवरोधाचं बोल. लोकांना तेच हवंय."

मी अहवालात एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलं: मागील भागातील प्रवाहाचा अधिक अभ्यास व्हावा, अशी शिफारस आहे. असं वाक्य लिहिलं की आपण सांगितल्यासारखं वाटतं आणि कोणाला काही ऐकावं लागत नाही. या गोष्टीला आता चौदा महिने झाले.

*

माझा धाकटा भाऊ रणधीर कोल्हापूरला उद्यमनगरात बाबांचं गॅरेज चालवतो. बाबांनी मरण्याआधी एक जुनी सोळाशे सीसीची सेडान त्याच्या हवाली केली होती, मूळची शंभर हॉर्सपॉवरची. तेव्हापासून तो तिच्यात ताकद घालतो आहे. आधी टर्बो घातला, मग मोठा इंटरकूलर, मग नवे पिस्टन. मग एक सायलेन्सर, ज्याच्यामुळे गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

शंभर हॉर्सपॉवरला गाडी एकशे पंच्याऐंशी धावायची. एकशे चाळीसला दोनशे पाच. दोनशे हॉर्सपॉवर झाल्यावर दोनशे एकतीस. तिथे अडली ती अडलीच.

"ताकद दुप्पट केली की आक्का," तो एकदा इंजिनावर वाकून म्हणाला होता. "मग वेग दुप्पट का न्हाई?"

मी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. वेग दुप्पट केला की दर सेकंदाला दुप्पट हवा समोर येते. शिवाय ती दुप्पट जोराने आदळते. म्हणजे विरोध चौपट. तो चौपट विरोध रेटत एका सेकंदात दुप्पट अंतर कापायचं, म्हणजे ताकद आठपट लागते. उलट, ताकद नुसती दुप्पट केलीस तर वेग जेमतेम सव्वापट होतो.

"म्हणजे पैलवानानं दुप्पट खुराक खायाचा आणि सव्वा माणसाचा जोर काढायचा."

"हो. आणि तू तर बॉनेट कापून भोकं पाडलीस, रुंद टायर घातलेस, मागे हा फळीएवढा स्पॉयलर लावलास. घातलेल्या ताकदीतली बरीच तूच हवेला परत देतोयस."

"स्पॉयलर न्हाई लावला तर बूड उचलतंय."

"तेही खरं आहे."

"मग काय करू ते सांग की. काय करायचं न्हाई ते पोथीसारखं सांगतीस."

त्याची चिडचिड मला समजत होती. बारा वर्षं तो एका आकड्यावर डोकं आपटत होता. सोळाशे सीसीच्या गटातला देशातला विक्रम दोनशे अठ्ठावन्नचा. आणि येत्या फेब्रुवारीनंतर पेट्रोल गाड्यांच्या वेगचाचण्या कायमच्या बंद होणार होत्या. बाबांच्या फोटोखाली त्याने २५८ हा आकडा खिळ्याने कोरून ठेवला होता, भिंतीतच. आईला तो आवडत नव्हता. कॅलेंडरवरच्या नकोशा पाहुण्यांच्या तारखेकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघायची.

त्या दिवशी मी त्याला त्वचेबद्दल सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण सांगितलं.

त्वचा म्हणजे गाडीवर चढवायचा दीड मिलिमीटर जाडीचा थर. तिच्यात दर चार सेंटिमीटरवर एक रंध्र असतं, सुईच्या टोकाएवढं, आणि प्रत्येक रंध्रामागे हवेचा दाब मोजणारा एक कण. रंध्रांच्या मधे मऊ कप्पे असतात. विजेचा सूक्ष्म दाब दिला की ते अर्ध्या-एक मिलिमीटरने फुगतात किंवा बसतात. गाडी धावत असताना त्वचा एखादा कप्पा थोडा फुगवून बघते. सगळ्या रंध्रांवरच्या दाबांची बेरीज करून अवरोध वाढला की घटला ते ठरवते. घटला तर तसंच ठेवते, नाहीतर पूर्ववत करते. सेकंदाला दोनशे वेळा. हजार किलोमीटर चालल्यावर ती त्या गाडीचा असा आकार शोधून काढते, जो कोणा माणसाला सुचला नसता. तिला एकच काम दिलेलं आहे, अवरोध कमी कर. ते काम मी दिलेलं आहे. ती आज्ञावली माझ्या हातची.

"माझ्या गाडीला बसंल?" रणधीरने विचारलं. बाकीचं त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

सप्टेंबरमध्ये चाचणीसाठी राखलेला नववा संच मी त्याच्या गाडीवर चढवला. स्पॉयलर उतरवला. बॉनेटवरची भोकं निम्मी बुजवली.

*

खंडेनवमीला मी कोल्हापूरला होते. गॅरेजमध्ये पाने, जॅक, वेल्डिंगचं यंत्र, सगळं धुऊन एका सतरंजीवर मांडलेलं होतं. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. रणधीर स्वच्छ शर्ट घालून अवघडून उभा होता, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

आई ताट घेऊन आली. तिने कुंकू तेलात कालवलं, कारण कोरडं उडून जातं. बॉनेटला भोकं, म्हणून दरवर्षीप्रमाणे डिकीवर स्वस्तिक काढलं. तेलाची वाटी माझ्या हातात होती.

"आई, याला मागच्या चाकांचं काही सांगायचंय मला," मी म्हटलं.

"उद्या सांग. आज हत्याराला हात न्हाई आणि वाद बी न्हाई."

"वाद नाही गं, माहिती आहे."

"तुझी माहिती वादासारखीच असतीया," रणधीर म्हणाला. आई हसली. मीही हसले, आणि ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. तिसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले आणि फोनवर सांगितलं. मागचा भार अपेक्षेपेक्षा जास्त घटतो, कारण अजून निश्चित नाही, संस्थेच्या गाडीवर असं आढळलं आहे. तो म्हणाला, "मग मागं वाळूची दोन पोती टाकतो." मी म्हटलं, त्याने प्रश्न सुटत नाही, वेगाच्या वर्गाने वाढतं ते. तो म्हणाला, "मग तीन टाकतो."

दरम्यान त्वचा माझ्या हातातून गेली होती. एका बड्या उद्योगाने ती घेतली आणि वर्षभरात चाळीस हजार विजेच्या गाड्यांवर चढवली. एका चार्जिंगमध्ये गाडी दीडपट नाही, पण सव्वापट तरी लांब जायला लागली. टॅक्सीवाले खूश. वर्तमानपत्रांत नगरकरांचा फोटो आला, कडेला माझा अर्धा खांदा. त्वचेच्या सुरक्षिततेच्या दाखल्यावर सही मात्र माझीच.

नोव्हेंबरमध्ये खाडीपुलावरच्या एका चालकाची तक्रार आली, आडव्या वाऱ्यात गाडी मागून हलते. डिसेंबरात घाटातल्या दोघांची. एक म्हणत होता मागून, एक म्हणत होता पुढून, स्टिअरिंग हलकं लागतं. मी तिन्ही कागद घेऊन नगरकरांकडे गेले.

"चाळीस हजारांत तीन," ते म्हणाले.

"सांगितलं तिघांनी. जाणवलं किती जणांना ते माहीत नाही."

"कारण सांग मला. कारणाशिवाय मी काय करू? एका धाग्यावर एवढं सगळं थांबवू?"

ते अन्यायाचं बोलत नव्हते. माझ्याकडे कारण नव्हतं. आम्ही त्वचेची चौतीस गोष्टींनी परीक्षा घेतली होती. पाऊस, धूळ, चिखल, पक्ष्यांची विष्ठा, उसाच्या हंगामातली काजळी, सेल्फ-सर्व्हिस वॉशिंगचा साबण. रंध्रांना आतून पाणी आणि धूळ न धरणारा लेप आहे, सगळं उडून जातं. संस्थेतल्या धुतलेल्या सुट्या तुकड्यावर प्रत्येक वेळी गणित जुळायचं. गाडीवर जुळायचं नाही. मी महिनोन्‌महिने आज्ञावली तपासत होते, जिच्यात चूक नव्हती. घरी जाऊन भाजी चिरतानाही तीच ओळ डोक्यात यायची. मी आणखी एक शिफारस लिहिली. तिला उत्तर आलं, नोंद घेतली आहे.

"थांबवा" हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. तो उच्चारला असता तर दहा वर्षांचं काम मीच मोडीत काढलं असतं, आणि तेही कारण न सांगता. कारण मिळाल्यावर बोलू, असं मी स्वतःला सांगत राहिले.

*

फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही जुन्या धावपट्टीवर होतो. माळावरची ही पट्टी विमानांनी सोडून वीस वर्षं झाली, लांबी सव्वातीन किलोमीटर. शेवटची पेट्रोल चाचणी म्हणून बरीच गर्दी आली होती. ट्रॅक्टरवर बसून लोक वडे खात होते.

या चाचण्यांचा एक नियम मला पहिल्यापासून आवडत नाही. प्रत्येक धावेआधी नियंत्रक वॉकीटॉकीवर तिघांना विचारतो. टायरचा तपासनीस, इंजिनाचा तपासनीस आणि वायुगतीचा तपासनीस. तिघांनी तोंडाने उत्तर द्यायचं, "मोकळी" किंवा "रोखली". लेखी काही नाही. कारण आधी द्यायचं नाही, शब्द आधी. एकाने जरी रोखली म्हटलं तरी गाडी सुटत नाही. आणि ते सगळ्या माळाला भोंग्यावर ऐकू जातं. त्वचा चढवलेली गाडी तपासण्याचा परवाना देशात चार जणांकडे होता. त्यातली त्या दिवशी येऊ शकणारी मी एकटी. भावाची गाडी बहिणीने तपासू नये, असा नियम कोणाला सुचला नव्हता.

पहिली धाव सक्तीची, दोनशेच्या आत. तिघांनी मोकळी म्हटलं, मीही म्हटलं. दोनशेपर्यंत माझ्या हिशेबात धोका नव्हता.

गाडी समोरून गेली तेव्हा वाऱ्याचा आवाज फार झाला नाही. पूर्वी तिच्या मागे कागद, पानं, माती उडत यायची. आता माती हललीसुद्धा नाही. टाळ्या पडल्या. रणधीर परत आला आणि हेल्मेट काढून हसला. बारा वर्षांत त्याला गाडीतून उतरताना असा हसताना मी पाहिलं नव्हतं.

"निम्म्या पॅडलवर दोनशे," तो म्हणाला. "आक्का, निम्म्या! दोनशे ऐंशी जाईल ही. तुला काय देऊ सांग. म्हैस देऊ?"

"आधी मागचं वाचन बघू दे."

"बघ बघ. तू बघितल्याशिवाय तुला जेवण जात न्हाई."

मागच्या स्प्रिंगवर मी मोजणी बसवली होती. दोनशेच्या वेगाला मागचा भार एकशे साठ किलोंनी घटला होता. गाडीचा मागचा एकूण भार चारशे तीस. मी कागदावर मांडलं. दोनशे सत्तरला ही घट दोनशे नव्वदच्या वर जाते. मग मागच्या दोन चाकांवर मिळून एकशे चाळीस किलो. एवढ्या वेगात, एवढ्या भारावर, माळावरची एक आडवी झुळूक पुरे.

संस्थेच्या गाडीपेक्षा हे प्रमाण वाईट होतं. का, हे अजूनही माहीत नव्हतं. राग आला तो त्याचा. कागदाची घडी घालून मी गाडीच्या मागे गेले.

आई तिथे ताट घेऊन उभी होती. मोठ्या धावेआधी पूजा. खंडेनवमीचं स्वस्तिक डिकीवर अजून होतं, तपकिरी पडलेलं. तिने तेलात भिजलेलं बोट त्याच रेषांवरून फिरवायला घेतलं.

"जुनं पुसत नाहीस?" मी सहज विचारलं.

"देवाचं कशाला पुसायचं? त्यावरच काढते. धीरा गाडी धुतो तेव्हा बी तेवढी जागा सोडून धुतो."

मी तिच्या बोटाकडे बघत राहिले. मग खिशातलं भिंग काढलं आणि वाकले.

स्वस्तिकाच्या रेषांखाली रंध्रं दिसत नव्हती. लेप पाणी धरत नाही, धूळ धरत नाही. पण तेलात कालवलेलं कुंकू पाच महिने उन्हात सुकून रंगासारखं घट्ट झालं होतं. एकेक रंध्र बूच मारल्यासारखं बंद होतं. मी मोजली. सव्वीस.

टॅबलेटवर त्या सव्वीस रंध्रांची धावेतली नोंद काढली. सव्वीस सरळ रेषा. गाडी उभी असताना शून्य, दोनशेच्या वेगाला शून्य. रंध्राची तार तुटली तर त्वचेला कळतं, ती व्यवस्था मी केली होती. रंध्र बुजलं आणि आतल्या कोंडलेल्या हवेचं शून्य वाचलं जात राहिलं, तर ते शून्य तिला खरं वाटतं.

पुढचं समजायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. चौदा महिने जे सुचलं नाही ते असं समोर येऊन उभं राहिलं. त्वचा हरेक कप्पा हलवून बेरीज कमी होते का बघते. हवेची ओढ ती नाहीशी करू शकत नाही, इकडून तिकडे ढकलू शकते. आणि अंगावर एक जागा अशी, जिथे कितीही ओढ ढकलली तरी बेरजेत येत नाही. तिने केर सतरंजीखाली सारावा तशी सगळी ओढ त्या जागेवर आणून ठेवली होती. महिनोन्‌महिने, सेकंदाला दोनशे वेळा. मोजणीतला अवरोध घटत होता, काही खराच घटलाही होता. डिकी मात्र वर खेचली जात होती. म्हणून सात नंबरचा धागा उलटला होता.

आणि संस्थेची पहिली गाडी? विंड टनेलमध्ये पहिल्यांदा नेण्याआधी तिची पूजा झाली होती. नारळ नगरकरांनी फोडला. गाडीचं तोंड टनेलच्या जाळीकडे होतं म्हणून स्वस्तिक डिकीवर आलं. हजर असलेल्यांत बाई मी एकटीच, म्हणून "मॅडम, मान तुमचा" म्हणून ताट माझ्याकडे दिलं गेलं. चांगलं ठळक काढलं होतं मी. कुंकू तेलातच कालवलं होतं, आईकडे पाहून शिकलेलं. चौतीस गोष्टींची यादी करणारे आम्ही नऊ जण. प्रत्येकाने आपापल्या नव्या गाडीची पूजा केलेली. यादीत कुंकू नव्हतं.

चाळीस हजार नव्या गाड्या. कोणाच्या बॉनेटवर, कोणाच्या डिकीवर. एक म्हणत होता मागून, एक म्हणत होता पुढून.

"काय झालं गं?" आईने विचारलं. तिचं बोट तसंच हवेत राहिलं होतं.

मी रणधीरला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. या वेळी आकड्यांत नाही सांगितलं. मागची चाकं सुटतील, म्हटलं.

त्याने डिकीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"एवढंच? पुसून टाक की मग. रॉकेल आणू?"

"पुसून चालणार नाही. ती पाच महिने आंधळी राहून शिकली आहे. आता एकदम डोळे उघडले तर सव्वीस ठिकाणी प्रचंड ओढ दिसेल तिला. मग ती सगळे कप्पे एकदम हलवेल. अडीचशेच्या वेगात काय करेल, मला सांगता येत नाही."

"मग बंद कर कातडं. बंद करून पळवतो."

"बंद केल्यावर आहे त्याच आकारात राहील. सोलून काढायला दोन दिवस लागतात."

"दोन दिवसांनी चाचणीच न्हाई." त्याचा आवाज खाली आला. "आक्का, आजच्यानंतर कधीच न्हाई. कळतंय न्हवं तुला?"

"कळतंय."

"दोनशे साठच करतो. त्याच्यावर एक काटा न्हाई. वारा बी पडलाय."

"दोनशे साठला एकशे साठ किलो राहतात मागे."

"राहतात म्हणजे हायत की!"

तो हातातलं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

"तू कायम असंच करतीस," तो म्हणाला. "मी टर्बो बसवत होतो तेव्हा बी तू खडू घेऊन बसलीस. कधी पळव म्हणाली न्हाईस, कधी नको बी म्हणाली न्हाईस. नुसतं गणित सांगून बाजूला. मग निर्णय आमचा, आणि चुकलं की तुझं गणित बरोबर. आज एकदा मोकळी म्हण. फक्त तेवढं म्हण. बाकी मी बघतो."

त्याचं म्हणणं खरं होतं. त्यामुळेच ते झोंबलं.

तो गाडीत जाऊन बसला. पट्टा आवळला. आई ताट घेऊन माझ्याजवळ आली. बोटावरचं कुंकू तिने पदराला पुसलं होतं, पदरावर लाल डाग.

"माझ्या कुंकवानं झालं?" तिने हळूच विचारलं.

"नाही आई. मी काढलेल्या स्वस्तिकाने झालं. पहिल्या गाडीवर. धागा उलटलेला तेव्हाच दिसला होता मला, सांगितलं नाही कोणाला नीट."

तिला ते पूर्ण समजलं नसावं. तिने फक्त माझ्या हातातलं भिंग काढून घेतलं, लहानपणी कात्री काढून घ्यायची तसं, आणि त्या जागी वॉकीटॉकी ठेवला.

भोंगा खरखरला. नियंत्रक चौगुले साहेबांचा आवाज माळभर गेला. "गाडी क्रमांक अकरा. चालक रणधीर खराडे. दुसरी धाव. टायर?"

"मोकळी."

"इंजिन?"

"मोकळी."

इंजिन सुरू झालं. काचेतून रणधीर माझ्याकडे बघत होता. नजरेत राग नव्हता, नुसती विनंती होती, आणि तीच जास्त कठीण होती. ट्रॅक्टरवरचे लोक उभे राहिले. गर्दीत पुढच्याच ओळीत पांढरी टोपी घातलेले नगरकर दिसले. मला माहीत नव्हतं ते येणार आहेत. त्यांच्या शेजारी त्या बड्या उद्योगाची माणसं होती, आणि मागे पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या त्यांच्या नव्या गाड्या. प्रत्येकीला झेंडूचा सुकलेला हार. दोघींच्या बॉनेटवरचं लाल इथूनसुद्धा दिसत होतं.

"वायुगती?"

मी बटण दाबलं. तोंडात नेहमीचं वाक्य तयार होतं, अधिक अभ्यासाचं. ते मी गिळलं.

"वायुगती?" चौगुले साहेबांनी पुन्हा विचारलं.

"रोखली," मी म्हटलं. माझाच आवाज भोंग्यावरून परत आला, माझ्यापेक्षा मोठा. काचेमागे रणधीरचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मी बटण सोडलं नाही. "ही गाडी रोखली. आणि नगरकर सर, तुम्ही समोर आहात म्हणून इथूनच सांगते. त्वचा मी तयार केली, तिच्यातली चूक माझी आहे आणि ती मला चौदा महिने दिसत होती. चाळीस हजार गाड्यांवरची त्वचा मी आजपासून मागे घेते आहे. सगळ्या गाड्यांवरची. शिफारस करत नाही, मागे घेते आहे."